काटा मध्यावर आहे

मी अँपिअर मीटर बोलतोय. गाडीच्या स्टिअरिंगसमोर बसणारा, बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय ते सांगणारा. डावीकडे उणे, उजवीकडे अधिक. माझी काच तडकलीय, पाठ जळून काळी पडलीय, तेव्हा आवाज जरा घोगरा लागेल.

दुकानात माझ्या शेजारी व्होल्टमीटर असायचा. बारीक वायरींचा, नाजूक. मी त्याला चिडवायचो, "तू नुसता लांबून बघतोस. माझ्या पोटातून सगळा करंट जातो!" केवढी फुशारकी होती मला.

एक दिवस बापलेक आले. बाप आयुष्यभर ट्रक चालवून घरी बसलेला, लेकाची दुधाची गाडी. तिच्यात लेकाने नुकतीच थंडपेटी बसवली होती, थेट बॅटरीवर.

"मग व्होल्टमीटरच घ्या," दुकानातला वायरमन म्हणाला. "पेटी फार करंट ओढते. तो सगळा या अँपिअर मीटरमधून जाणार. मागचा नट जरा सैल झाला तरी तापेल."

लेकाने व्होल्टमीटरला हात घातलाच होता. तेवढ्यात बापाने मला उचललं.

"आकडे कोण वाचत बसणार? तीस वर्षं हाच बघितलाय मी. काटा अधिककडे म्हणजे बॅटरी भरतेय. मध्यावर म्हणजे निर्धास्त."

लेकाने वायरमनकडे बघितलं, मग बापाकडे. "बाबा म्हणतात तर हाच द्या."

मला काय आनंद झाला होता!

पेटी चालू झाली की माझा काटा अधिकच्या टोकाला जायचा. बॅटरी भरत नव्हती, तो करंट पेटी ओढत होती. लेक मात्र खूश. फोनवर सांगायचा, "बाबा, झकास भरतेय." खड्डे खाऊन खाऊन माझ्या पाठीमागचा नट सैल झाला. मी भाजत होतो. पण मला फक्त काटा हलवता येतो, पाठीमागचं काही सांगता येत नाही.

भर दुपारी, चढावर, वायरींनी पेट घेतला. दाराची कडी उघडेपर्यंत फार उशीर झाला होता. भाजलेला लेक चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारला.

आता वायरमनने मला दुकानात खिळ्याला टांगलंय. कोणी हट्ट धरला की तो नुसतं माझ्याकडे बोट दाखवतो. त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण बाप येतो. स्टुलावर बसतो, माझ्याकडे बघत राहतो. माझ्यात करंट उरलेला नाही, म्हणून काटा बरोबर मध्यावर उभा आहे.

निदान तो येईल तेव्हा तरी मला भिंतीकडे तोंड करून टांगा हो.