डागाची वरची बाजू

मित्रांनो, मी वर्तकनगरातल्या एका जुन्या वसाहतीतली भिंत आहे. दुसरा मजला, दिवाणाच्या मागे. बांधल्यापासून उभीच आहे. वाईट वाटून घ्यायची सोय भिंतींना नसते, तेव्हा रुमाल आत ठेवा.

तरुणपणी पाहुणे माझा पिस्ता रंग नावाजत. पुढे घरमालक तानाजीराव निवृत्त झाले आणि खोबरेल चोपडलेलं डोकं माझ्यावर टेकून टीव्ही बघू लागले. डोक्याएवढा काळपट डाग पडला. ते गेले, डाग राहिला. त्यांच्या पत्नी कलावतीबाई रडल्या नाहीत. डागाशेजारी बसून त्याही टीव्ही बघू लागल्या. बहुतेक वेळा तो बंदच असायचा.

घरातलं माणूस गेलं की वर्षभर रंग काढत नाहीत. वर्ष झालं आणि मुलगा प्रितम रंगाऱ्याला घेऊन आला.

"तेवढा राहू दे रे," कलावतीबाई डागाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"अगं आई, तेलाचा डाग आहे तो! लोक काय म्हणतील?"

सून कल्पिता उठून आत गेली. तिने कॅमेरा आणला आणि डागाचा फोटो काढला. तिला ओल आलेल्या भिंती, गंजकी शटरं, घोडबंदर रोडच्या भेगा, असल्या गोष्टींचे काळे-पांढरे फोटो काढायचा नाद. "माणसांचे काढ की गं! आणि रंग संपले का त्यातले?" हा सासूबाईंचा ठरलेला टोमणा. त्या दिवशी मात्र त्या नुसत्या बघत बसल्या.

मग मला घासलं, भेगांत लांबी भरली, मोतिया रंग दिला. मला काही वाटलं नाही. आधी सांगितलंच आहे.

कल्पिताने तो फोटो मोठा करून आणला. प्रितमने तो डागाच्याच जागी टांगला. आता पाहुणे कौतुक करू लागले. एकाला त्यात ढग दिसला, एकीला पृथ्वी. कलावतीबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"उलटा लावलायस."

"आई, ॲब्स्ट्रॅक्ट आहे ते. त्याला उलटं-सुलटं नसतं."

"तुझ्या बाबांना होतं."

कल्पिताने कॅमेऱ्यात बघून घेतलं. "फिरव रे," ती नवऱ्याला एवढंच म्हणाली.

हल्ली कलावतीबाई तेल लावून फोटोशेजारी डोकं टेकून बसतात. मोतिया रंगावर एक पुसट गोल धरू लागलाय. प्रितमच्या अजून लक्षात आलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, मित्रांनो. आणि आपल्याकडे रंगारी बोलावण्याआधी एकदा भिंतीकडे नीट बघून घ्या. आमच्यासाठी नको. आम्हाला काही वाटत नाही.