दोन शेपट्यांचं पिल्लू

वैष्णवी जगदाळे खारघरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत काम करत होती. एकमेकांआड दडलेल्या गोष्टी संगणकाला फोटोवरून मोजता याव्यात, हा तिचा विषय. प्रयोगासाठी तिनं खाडीतले फ्लेमिंगो घेतले. ते दाटीवाटीनं उभे राहतात, एकाची मान दुसऱ्याच्या पंखामागे जाते, आणि दोन माणसांनी मोजले तर आकडे कधी जुळत नाहीत. निधी देणाऱ्या समितीतल्या एकानं तिला विचारलं होतं, "पक्षी मोजून झाल्यावर पुढं काय?"

"ते आत्ता मला सांगता येणार नाही," ती म्हणाली होती. निधी मिळाला, पण मागितला त्याहून कमी.

दोन हिवाळे ती करावे गावच्या धनेश तांडेलच्या होडीतून खाडीत गेली. धनेश चाळिशीचा. नुसत्या मासेमारीवर घर चालत नव्हतं, म्हणून तो लोकांना पक्षी दाखवायला न्यायचा. शिवाय गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं जिताडा या खाडीतल्या माशाची पिल्लं वाढवायला घेतली होती. बोटाच्या पेराएवढी पिल्लं आणायची, वीतभर होईपर्यंत टाक्यांत सांभाळायची आणि उरण-पनवेलकडच्या, तळ्यांत मासे पाळणाऱ्या तळीवाल्यांना विकायची. ही शेड धनेशच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे सोनलचा, नवरा प्रीतम बघायचा. प्रीतम घणसोली गावातून रोज बाईकवर यायचा आणि पिल्लांना खायला घालण्यापासून टाक्या धुण्यापर्यंत सगळं करायचा.

वैष्णवीचा प्रकल्प संपला. निधीच्या अटीप्रमाणे तिनं आपला प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. परदेशातल्या काही विद्यार्थ्यांनी तो उतरवून घेतला. बाकी कुणी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात धनेश तिच्या ऑफिसात आला. एवढ्या थंड खोलीत बसायची त्याला सवय नव्हती. खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं विचारलं, "मॅडम, तुमचा तो पक्षी मोजायचा कॅमेरा पिलांवर चालंल काय?"

"कसली पिल्लं?"

"जिताड्याची. टाकीतनं कमी होतात. मेलेली म्हनावी तर पान्यावर एक दिसत नाय. मंग गेली कुठं?"

"जिताडे एकमेकांना खातात ना? तुम्हीच सांगितलं होतं मला होडीत."

"खातात. आमच्याकडं बारक्या पोरालाबी ठावं हाय ते. पन एखाददुसरं. अर्धी टाकी कशी खातील? प्रीतम बाहेर विकायचा. त्याला घरी पाठवला मी."

नुसता पाठवला नव्हता. दोन गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटलं होतं. प्रीतमनं हातातली बादली खाली ठेवली आणि बाईकला किक मारली. त्यानंतर सोनलनं आईला, मालतीबाईंना फोन करून सांगितलं की, माझ्या नवऱ्याला चोर म्हटलं त्या घरात मी पाय ठेवणार नाय.

"आता भैरू म्हनून सातारकडचा मानूस ठेवलाय," धनेश म्हणाला. "त्याच्यावर तरी नजर पायजे."

"दादा, हे चोर पकडायचं यंत्र नाही."

"मोजतो ना? मंग झालं."

वैष्णवीला नकार देता आला असता. पण पाण्यातली हलती पिल्लं तिच्या प्रोग्रॅमला मोजता येतील का, हे तिलाही बघायचं होतं. तिच्या वरिष्ठांनी परवानगी दिली आणि अहवालात एक परिच्छेद टाकायला सांगितलं.

पहिले काही दिवस सगळंच चुकलं. पाण्यावरची चमक प्रोग्रॅमला पिल्लं वाटली आणि काळपट तळावर खरी पिल्लं दिसेनात. मग वैष्णवीनं एका टाकीचा तळ पांढरा करून घेतला आणि दिव्याची जागा बदलली. फोटोपुरता हवेचा पंप बंद ठेवायला तिनं भैरूला शिकवलं. त्यानंतर प्रोग्रॅमचा आकडा हातानं मोजलेल्या आकड्याच्या जवळ येऊ लागला.

आणि तो रोज थोडा घटू लागला.

धनेशनं भैरूकडची किल्ली काढून घेतली. शेड तो स्वतः उघडायचा, स्वतः बंद करायचा. आकडा तरीही घटत राहिला.

"तुमचा कॅमेरा चुकतो," त्यानं वैष्णवीला फोनवर सांगितलं.

"चुकत असेल. येते मी."

चूक कुठं होते हे बघायला तिच्याकडे एक सोय होती. ज्या आकृतीबद्दल खात्री नसेल, ती प्रोग्रॅम बाजूला काढून ठेवायचा. शेडमधल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून ती अशा आकृत्या एकेक करून बघू लागली. धनेश मागे उभा होता. एक बुडबुडा निघाला, एक खाण्याचा दाणा निघाला. मग एक पिल्लू आलं. अंग एकच, पण शेपट्या दोन. एक मागे, जिथं असायची तिथं. दुसरी तोंडातून बाहेर आलेली.

वैष्णवीनं फोटो मोठा केला. एका पिल्लानं आपल्याहून थोडंच लहान असलेलं दुसरं पिल्लू डोक्याकडून गिळलं होतं आणि त्याची शेपटी तेवढी बाहेर राहिली होती. पुढच्या फोटोंत तसलीच आणखी काही सापडली.

"आणि हे बघा," ती म्हणाली. अर्धवट दिसणारा पक्षी ओळखण्यासाठी प्रोग्रॅम प्रत्येक आकृतीची लांबी काढायचा. फ्लेमिंगोंच्या बाबतीत त्या लांबीचा पुढं काही उपयोग झाला नव्हता. इथं मात्र सरळ दिसत होतं की मोजकीच पिल्लं झपाट्यानं वाढली होती आणि बारकी होती तीच कमी झाली होती.

धनेशनं बराच वेळ फोटो बघितला. मग तो बाहेर जाऊन उभा राहिला. घरी गेल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं.

"मंग जा ना घनसोलीला," मालतीबाई म्हणाल्या. "जावयाला दाखव तो फोटू."

"कोन्या तोंडानं जाऊ?"

तो गेला नाही. पण काम बदललं. लहानमोठ्या पिल्लांच्या लांबीत फरक पडू लागला की प्रोग्रॅम मोबाईलवर सूचना द्यायचा, आणि धनेश जाळीच्या चौकटीनं गाळून मोठी पिल्लं वेगळ्या टाकीत काढायचा. पूर्वीही अशी निवड व्हायची, पण डोळ्यांना फरक दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. आता घट बरीच थांबली. तळीवाले चौकशी करू लागले.

"मॅडम, हे आपल्यातच ठेवा," धनेश एकदा म्हणाला. "काय पैसे असतील ते सांगा."

"पैसे लोकांनी आधीच दिलेत, दादा. सरकारच्या निधीतून झालंय हे. जो मागेल त्याला द्यावं लागतं."

पहिला फोन उरणहून आला. दुसरा प्रीतमचा. त्यानं मधल्या काळात ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये सिक्युरिटीची नोकरी धरली होती. ती सोडून आता मित्राच्या गाळ्यात दोन टाक्या मांडल्या होत्या. वैष्णवीनं जाण्याआधी धनेशला सांगितलं, कारण लपवून जाणं तिला बरं वाटेना.

"मला कशाला सांगता?" तो म्हणाला. आणि लगेच विचारलं, "कधी जाताय?"

घणसोलीच्या गाळ्यात प्रीतमनं टाकीचा तळ आधीच पांढरा करून ठेवला होता. कॅमेरा बसवून झाल्यावर त्यानं चहा मागवला.

"धनेशदादानं हे माझ्यामुळंच मागितलं होतं ना?"

"हो."

"मग काय दिसलं?"

वैष्णवीनं दोन शेपट्यांचा फोटो उघडला. प्रीतमनं मान खाली घालून तो नीट बघितला.

"त्यानं बघितला?"

"बघितला."

"काय बोलला?"

"काही नाही."

"बरोबर आहे," प्रीतम म्हणाला. "त्याला बोलायचं होतं ते आधीच बोलून झालं होतं."

भाऊबिजेला सोनल करावेला आली. आईनं रडून बोलावलं म्हणून आली होती. प्रीतमनं तिला दारात सोडलं आणि तो बाईकवरून उतरला नाही. मालतीबाई आत बोलवायला निघाल्या, तेवढ्यात धनेशच बाहेर गेला.

"आत चल."

"नको. काम आहे."

धनेश बाईकच्या हँडलला हात लावून उभा राहिला. "माझं चुकलं," तो म्हणाला.

प्रीतमनं हेल्मेट काढलं. "फोटो निघाला नसता तर?"

धनेशला खोटं सांगता आलं असतं.

"तर अजून चोरच म्हनलं असतं," तो म्हणाला.

प्रीतमनं त्याच्याकडे बघितलं. मग बाईकची किल्ली काढून खिशात टाकली आणि तो आत गेला. दोघं जेवले. बोलणं झालं ते खाडीच्या पाण्याच्या खारटपणाबद्दल आणि यंदाच्या पिल्लांच्या भावाबद्दल.

प्रीतम धनेशच्या शेडवर पुन्हा कामाला गेला नाही. त्यानं गाळ्यात तिसरी टाकी मांडली. सोनल मात्र आता अधूनमधून माहेरी येते.