जर्मनची पूड

लोटूला सगळं ऐकू यायचं, पण तो ऐकायचा मात्र अर्धंच. समोरचा बोलत असताना हा हो-हो म्हणत निम्म्यात उठून जायचा. घरच्यांना त्याचं कोण कौतुक! म्हणे पोरगं चपळ आहे. त्या चपळ पोराने सख्ख्या बहिणीच्या संसाराची माती केली, तेव्हा मात्र कौतुक करणारं कुणी जवळ फिरकलं नाही.

बहीण सुंदरा सुरतेत लिंबायतला राहायची. तिचा नवरा भटू लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. प्लेगच्या साली अर्धं सुरत गाव सोडून पळालं, तेव्हाही हा माणूस ठणठणीत होता. पुढे दोन वर्षांनी कावीळ झाली आणि त्यातून उठला तो पार पिळून काढल्यासारखा. पाळी करून आला की भिंतीला टेकून बसायचा, जेवायलाही उठवत नसे. सुंदराचा जीव तीळतीळ तुटायचा. काहीही करून ह्या माणसाला पुन्हा उभं करायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात.

लोटू तेव्हा सुरतेजवळच्या सचिन गावी एका केमिकलच्या कारखान्यात होता. पॉलिस्टर बनवताना लागणारी एक पांढरी पूड तिथे चाळून डब्यांत भरायचे. पूड जर्मेनियमची. तिथले केमिस्ट योगेंद्रभाई हौशी माणूस. त्यांनी एकदा कामगारांना जर्मेनियमचा राखाडी, चकचकीत खडा दाखवला. "दिसतो लोखंडासारखा, पण खाली पडला तर काचेसारखा फुटतो. जुन्या रेडिओत हाच असायचा. अंधारात बघायच्या दुर्बिणींना ह्याचीच भिंगं. जपानात तर ह्याच्यापासून ताकदीचं औषध करून विकतात." पुढे ते सांगत होते की ते औषध निराळं, आपली पूड निराळी. ही पोटात जाता कामा नये, म्हणून तर तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि डबे उघडतात तिथे चहासुद्धा प्यायचा नाही. तोवर आमचे लोटूशेठ चहा प्यायला पोचलेसुद्धा होते.

रविवारी तो पुडी घेऊन बहिणीकडे आला.

"हाई काय शे, भाऊ?" सुंदराने विचारलं.

"जर्मेनियम. जपानवाला ताकदसाठे खातंस."

"जर्मन? भांडासनं जर्मन?"

"तेच समज," लोटू म्हणाला. "पन कोनले सांगू नको. कंपनीमाईन आनेल शे."

जर्मन म्हटल्यावर सुंदराच्या मनातली उरलीसुरली शंका तिथेच मिटली. खानदेशात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. तिच्या माहेरी भात जर्मनच्या पातेल्यात, दूध जर्मनच्या पातेल्यात. जन्मभर ज्यातलं खाल्लं, त्याची पूड कशी बाधेल? तिने पुडी डब्यात भरून देवाच्या फळीवर ठेवली आणि रोज सकाळी चिमूटभर भटूच्या दुधात घालायला लागली. पुडीला चव नाही, वास नाही. भटू म्हणायचा, "आज बरं वाटतंय." बायको एवढ्या मायेने समोर उभी असल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

लोटू अधूनमधून आणून देत गेला. पण भटूचं अन्न कमी झालं. मग उलट्या सुरू झाल्या. हातापायांतलं बळ गेलं, जिना चढताना तो कठडा धरायला लागला. सुंदराने काय करावं? चिमटीचा अर्धा चमचा केला. तो जितका खचायचा, तितकी ती पूड वाढवायची. काय सांगावं हो, विषाने मारणारे हात वेगळे असतात, हे तर पाय चेपणारे हात होते.

त्याच सुमारास कारखान्यात एकाने हात न धुता जेवणाचा डबा खाल्ला आणि योगेंद्रभाई सगळ्यांसमोर कडाडले, "पोटात जात राहिली तर मूत्रपिंडं जातील, कळतंय का?" ह्या वेळी लोटूने पूर्ण ऐकलं. ऐकून त्याची पाचावर धारण बसली. मग त्याने काय केलं? धावत जाऊन बहिणीला सांगितलं? छे! पुढच्या रविवारी त्याने त्याच कागदात ग्लुकोजची पावडर बांधून आणली. आपली चोरीही झाकली, भाओजीही वाचले, असा त्याचा हिशेब. सुंदराने जिभेवर ठेवून बघितली तर गोड! तिला वाटलं, भावाला कुणीतरी फसवलं, मालात भेसळ आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती बोलली नाही. ती पुडी तिने पाहुण्यांच्या सरबताला ठेवली आणि नवऱ्यासाठी डब्यात साठवलेली असल पूड वापरत राहिली.

शेवटी भटूच्या पायांवर सूज आली आणि त्याला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. लघवीत फारसं काही सापडत नाही, साखर नाही, दाब नाही, तरी मूत्रपिंडं बसत चालली आहेत. "कोई देसी दवा? भस्म, पुडिया?" त्यांनी विचारलं. सुंदराला भावाची नोकरी आठवली. "कुछ नहीं साहेब," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लोटू भेटायला आला, तेव्हा ती खाटेशी बसून दुधात चमचा ढवळत होती. शेजारी डबा उघडा. लोटूने डब्यातली रोज चाळायची ती पूड ओळखली आणि तिच्या हातातला पेला हिसकून घेतला.

"हाई अजून कसी शे तुनाकडे? मी तर ग्लुकोज आनेल व्हतं!"

"ग्लुकोज? कसाले?"

लोटूच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. पोटात गेली तर काय होतं, तेही त्याने सांगितलं. सुंदरा ताडकन उठली.

"ताई, मनी नोकरी जाई," त्याने पदर धरला.

"जाऊ दे! आग लागो तुझ्या नोकरीला! एक शब्द बोलला असतास मेल्या, एक शब्द!" तिने पदर सोडवला, डबा उचलला आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. काही लपवलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता बंद केल्यावर थोडं सुधारेल, पण जे गेलं ते परत येणार नाही. कालच सांगितलं असतं तर आज पुन्हा दुधात पडली नसती.

भटू खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होता. तो रागावला नाही. शिवी दिली असती तर सुंदराने पदरात घेतली असती.

महिन्याभराने तो घरी आला, काठी टेकत. काम कायमचं सुटलं. सुंदराने त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. "जेवा ना," ती म्हणाली. त्याने ताटाकडून तिच्याकडे बघितलं. मग तिला समजलं. तिने खाली बसून त्याच्या वरणातला एक घास कालवला आणि आपल्या तोंडात घातला. तिने तो गिळला, हे नीट बघून घेतल्यावर भटूने भाकरी मोडली.