सारख्या वजनाच्या दोन गोळ्या

मित्रांनो, बाजारातले मोठे तराजू तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्या पंगतीतला नाही. मी एक जुना, छोटासा पितळी वजनकाटा आहे. एक पारडे, एक बारीक दांडी आणि तिच्यावरून सरकणारे इवलेसे वजन, एवढाच माझा संसार. नॉर्वेतल्या उव्डाल गावी टोरग्रिम बाको यांच्या तळघरात मी राहतो आणि काडतुसांत भरायची दारू तोलतो.

ज्या कारागिराने माझी दांडी घासली, त्याचे नाव मला ठाऊक नाही. पण त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. त्याने घाई केली असती, तर मी जन्मभर खोटे बोलत राहिलो असतो. पुढे काही वर्षे मी औषधांच्या दुकानात पुड्या तोलल्या. मग विजेवरचे काटे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला उचलले टोरग्रिम यांनी.

माणूस तिरसट, पण माझ्याशी फार मायेने वागायचा. गरम हवेची झुळूक लागली तरी माझी दांडी डुलते, म्हणून कामाला बसताना ते हीटर बंद करायचे आणि कुडकुडत बसायचे. श्वाससुद्धा मान वळवून सोडायचे. उव्डालच्या वरच्या माळावर आडोशाला झाड नाही. रेनडिअर लांबूनच माणसाला हेरतो, मग त्याच्यावर नेमही लांबूनच धरावा लागतो. त्यासाठी टोरग्रिम यांच्याकडे भरधाव गोळी फेकणारी रायफल होती. तिच्यासाठी ते पितळी पुंगळ्या घरीच भरायचे आणि वर शिशाच्या गाभ्याची हलकी गोळी बसवायचे. हलकी गोळी वेगात जाते आणि सरळ जाते. गावात त्यांच्या नेमाची वाहवा झाली, की ते म्हणायचे, श्रेय माझ्या काट्याचे. मी मनातल्या मनात फुलून जायचो.

एका शरदात मात्र वाईट घडले. धुके दाटले होते आणि रेनडिअर अचानक अगदी जवळ आला. टोरग्रिम यांनी गोळी झाडली. इतक्या जवळून, इतक्या वेगाने गेलेली ती हलकी गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून विखुरली. जनावर लंगडत धुक्यात नाहीसे झाले. टोरग्रिम यांनी शेजाऱ्याचा कुत्रा आणला, दुसऱ्या दिवशीही माळ पालथा घातला, तेव्हा ते सापडले. अजून जिवंत होते. त्याचे हाल त्यांनी संपवले आणि घरी आले. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. माझ्यावर फडके पडले आणि कित्येक हंगाम मी धूळ खात बसलो.

ते फडके दूर झाले सुन्निवामुळे. ही त्यांच्या दिवंगत भावाची मुलगी. दुधाचा टँकर चालवते. नेमबाजीची परीक्षा पास झाली, त्या वर्षी तिला एका रेनडिअरचा परवानाही मिळाला. काकांची रायफल आणि काका, दोन्ही हवेत म्हणून ती हटून बसली.

"टँकर चालवणं वेगळं आणि शिकार वेगळी, पोरी," टोरग्रिम म्हणाले.

"वेगळीच. टँकर हवा तिथंच थांबतो, काका, तुमच्या रेनडिअरसारखा धुक्यात निघून जात नाही."

त्यांचा चेहरा पडला. सुन्निवाची जीभ तिखट, पण मन तसे नाही. ती वरमली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही ते जनावर शोधून काढलंत. दुसरा कुणी धुक्याचं निमित्त सांगून घरी आला असता. मला शिकायचंय ते तुमच्याकडूनच."

 त्याच संध्याकाळी टोरग्रिम यांनी माझे पारडे पुसायला घेतले. मित्रांनो, तो स्पर्श मला किती दिवसांनी मिळाला!

दोघांनी नवी गोळी निवडली. अख्ख्या तांब्याची. ती फुटून विखुरत नाही, टोक उमलते आणि आत खोल जाते. टोरग्रिम यांनी जुनी आणि नवी गोळी आळीपाळीने माझ्या पारड्यात ठेवली. वजन तंतोतंत सारखे. नवी गोळी घेतली की दारूचे माप खाली आणून पुन्हा चढवत न्यायचे, हा घरी काडतुसे भरणाऱ्यांचा नियम. पण वजन तेच, मग माप तरी कशाला बदला, असे म्हणून त्यांनी जुन्याच मापाने पुंगळ्यांची अख्खी रांग भरली. काटा खोटे बोलत नाही, हे त्यांचे ठरलेले वाक्य.

सुन्निवाने चाळा म्हणून दोन्ही गोळ्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"वजन सारखं ना, काका? मग ही उंच कशी?"

टोरग्रिम यांचा हात जागीच थांबला. तांबे शिशापेक्षा हलके. तेवढेच वजन भरायचे तर गोळी लांब होणारच. लांब गोळी पुंगळीत खोल बसणार, दारूला जागा कमी उरणार आणि दाब वाढणार. रायफल फुटली असती. आणि तिच्या दस्त्याला गाल लावून सुन्निवा बसलेली असती.

त्यांनी एकेक पुंगळी उचलून दारू डब्यात परत ओतली. 

"बरं झालं विचारलंस," ते म्हणाले. असे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

मग माझे सरकते वजन पार खाली आले. दोघे जुन्या दगडखाणीत जाऊन नेम तपासायचे, परत येऊन माप किंचित चढवायचे. जुन्या मापाच्या अलीकडेच टोरग्रिम थांबले.

"वेग थोडा कमी पडेल," ते म्हणाले.

"मग तेवढं पुढे सरपटत जाऊ," सुन्निवा म्हणाली.

आणि दोघे खरेच ओल्या दगडांवरून पोटावर सरपटत गेले. मी तिथे नव्हतो, दोघे रायफल पुसत बसले, तेव्हा त्यांचे बोलणे ऐकले. सुन्निवाने एकच गोळी झाडली. रेनडिअर चार पावले चालला आणि शांतपणे खाली बसला, तो उठलाच नाही. टोरग्रिम टोपी काढून त्याच्याजवळ उभे राहिले आणि रडले. पुतणीसमोर रडलो, हेही त्यांनीच हसत सांगितले.

आता तळघरात दोन स्टुले आहेत. मी सुखी आहे आणि ऋणी आहे, त्या अनोळखी कारागिराचा, टोरग्रिम यांचा, आणि सर्वांत जास्त सुन्निवाचा.

मित्रांनो, माझ्यासारखा जुना काटा तुमच्या हाती आला, तर त्याला झुळकेपासून जपा, धुळीपासून जपा. तो सांगेल ते वजन खरे माना. पण वस्तूकडे तुमच्या डोळ्यांनीही एकदा बघा आणि शेजारी बसून कुणी शंका काढली, तर त्याला गप्प करू नका. त्या संध्याकाळी मी खोटे बोललो नव्हतो. तरीही सुन्निवाने विचारले नसते, तर माझे खरे बोलणेच तिच्या जिवावर उठले असते.