गुलाबी पान

सुनेला सापडलेलं यीस्ट जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळेना, तेव्हा आनंदाच्या भरात तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला.

प्रयोगशाळेतल्या सरांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. "एका पानावर मिळालं म्हणून नवी प्रजाती होत नाही, बाई. दुसऱ्या पानावरून काढून दाखवा. नाहीतर तुमच्याच हातची घाण समजेन." दुसऱ्याच्या कष्टात घाण शोधायची या माणसाला दांडगी हौस.

ते पान ज्या वेलीचं, ती तिच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतली. तिनं घरी सासूबाईंना फोन केला, "आई, ती पानं जपा. प्रयोगशाळेत न्यायचीत."

ती धावत घरी पोचली, तर वेल आरशासारखी लखलखीत. सासूबाईंनी पानन्‌पान साबणानं पुसून काढलं होतं.

"चार लोकांत जायचंय ना? तोंड धुऊन जाऊ देत की."

"आई, माझं यीस्ट पानावरच राहत होतं."

"मग आधी सांगायचंस. तुझं नेहमी वरातीमागून घोडं."

सून मटकन खाली बसली. मग सासूबाई खिडकीबाहेर वाकून म्हणाल्या, "त्या पाइपामागे एक फांदी गेलीय बघ. तिथवर माझा हात पोचला नव्हता."

सून स्टुलावर चढली. पडू नये म्हणून सासूबाईंनी तिचे पाय धरले. सासूनं सुनेचे पाय धरायची ही घरातली पहिलीच वेळ. दोघींना असं हसू फुटलं की स्टूल डुगडुगायला लागलं. पान मात्र हाती आलं. कडेला अळीनं कुरतडलेलं, धुळकट, झकास.

तिनं ते काचेच्या डिशच्या झाकणाला आतून चिकटवलं. हे यीस्ट आपले बीजाणू उडवतं. ते खाली डिशमधल्या पोषक जेलीवर पडतात आणि तिथंच वाढतात. काही दिवसांत जेलीवर अख्खं पान उमटलं: गुलाबी, शिरांसकट, कुरतडलेल्या कडेसकट.

"हवेतून पडलं असेल," सर म्हणाले.

"हवेला चित्रकला येते का, सर?"

काचसामान धुणाऱ्या मावशी तोंडावर ॲप्रन दाबून खुसखुसल्या. डीएनएचा निकालही आला: पहिल्या यीस्टशी तंतोतंत जुळणारा, बाकी कुणाशीच नाही. सरांनी तो उलटसुलट वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"लिहायला घ्या," ते पुटपुटले.

तिनं प्रजातीचं वर्णन लिहायला घेतलं. गालातलं हसू आवरत नव्हतं. 'वसाहती गुलाबी, मऊ, चकचकीत, देखण्या.' शास्त्रात 'देखण्या' चालत नाही. तिनं तो शब्द खोडला. जेलीवरच्या वसाहतींकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहिला.