दुपारी दोनचे पाणी

ज्या तांडेलाच्या हाताखाली माझे अर्धे आयुष्य मासेमारी बोटीच्या स्वयंपाकघरात गेले, ते बिट्टोर जून महिन्यातील एका सकाळी माझ्या दुकानात आले आणि मी मोठ्या निष्ठेने आखलेल्या बेतात दोष काढू लागले.

माझे दुकान स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील मुत्रिकू बंदराच्या धक्क्याला लागून आहे. बोट सोडल्यानंतर मी तेथे लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या आणि वल्ह्यांच्या लहान नावा भाड्याने देतो व पाहुण्यांच्या सुट्टीचा आठवडाही आखून देतो. हा आठवडा तांडेलांच्या नातीचा, नाहियाचा होता. शरद ऋतूत ती नोकरीनिमित्त नॉर्वेला जाणार होती. तत्पूर्वी तिने बिल्बाओहून मला फोन केला होता: "केपाकाका, अख्खा आठवडा पाण्यात हवा. आणि सगळं आजोबांबरोबर. मी मैत्रिणींना सांगितलंय, माझ्या आजोबांकडे मासे पोहायला शिकायला येतात."

तिलाही पाठवलेला बेताचा कागद पसरून मी वाचू लागलो.

"सोमवारी देबाच्या किनाऱ्यावर लाटा."

"सोमवारी माझा गुडघा दुखेल," तांडेल म्हणाले.

"तो सोमवार अजून पंधरा दिवस लांब आहे, तांडेल."

"माझ्या गुडघ्याला आधी कळतं."

"बरं. मंगळवारी नावेतून कड्यांखालून सुमाइयापर्यंत."

"दक्षिणेचा वारा सुटेल."

"बुधवारी फळीवर उभं राहून वल्हवायचं. खाडीत, शांत पाण्यात."

"उभं राहून? मी काय चर्चमधला पुतळा आहे?"

"मग गुरुवारी..."

"गुरुवारी कुणाची तरी मयत असेल."

"कुणाची?"

"गाव म्हातारं आहे रे. कुणी ना कुणी मिळेल."

माझे मन खट्टू झाले. हा मनुष्य उधाणाच्या रात्रीही सुकाणूवरून हललेला मी पाहिला नव्हता. आणि आज तो पंधरा दिवसांनंतरच्या वाऱ्याला भीत होता! तरीही कर्तव्य म्हणून मी शेवटचा नियम वाचला. आठवडा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने धक्क्याच्या कुशीतला समुद्राच्या पाण्याचा हौद माझ्यादेखत एकदा पोहून ओलांडायचा.

तांडेलांनी डोक्यावरची चपटी टोपी काढली आणि ती हातात गोल गोल फिरवू लागले.

"केपा, तू मला कधी पाण्यात पाहिलंस?"

"जन्मभर पाहतोय की."

"पाण्यावर पाहिलंस. पाण्यात?"

मी स्मृतीचा धांडोळा घेतला. त्यात त्यांचे बूट होते, त्यांचा पिवळा मेणकापडी कोट होता, त्यांच्या शिव्या होत्या. परंतु पाण्यात तांडेल कोठेही नव्हते.

"आमचे वडील म्हणायचे, पोहता येणाऱ्याला मरायला फक्त जास्त वेळ लागतो," ते हळूच म्हणाले. "तेव्हा कुणी शिकवलं नाही. पुढे तांडेल झालो. तांडेलाने कुणाला विचारायचं? आता ती पोर जाण्याआधी हे बघणार. नको. मी तिला सांगतो, मला बरं नाही. आठवडा रद्द कर."

"मलाही येत नव्हतं, तांडेल. या धंद्याच्या परवान्यासाठी शिकावं लागलं."

"कुठे शिकलास? मला कसं दिसलं नाही?"

"दुपारी दोन वाजता."

त्यांनी फिरवती टोपी थांबवली. मग त्यांच्या मुद्रेवर प्रकाश पडला. आमच्या बंदरात दुपारी दोन वाजता सर्व मनुष्यजात पानावर बसलेली असते. बँक बंद, बर्फाचा कारखाना बंद, चर्चचे दारही बंद. त्या वेळी धक्क्यावर देवमासा येऊन झोपला तरी त्याची वार्ता गावाला चार वाजता कळेल.

"आज घरी बटाटे घालून केलेलं बोनिटो माशाचं कालवण आहे," तांडेल कष्टी होऊन म्हणाले.

"तेच तर. म्हणून कुणी येणार नाही."

त्याच दुपारी आम्ही निघालो. तांडेल भिंतीच्या सावलीतून, नव्याने चोरी करणाऱ्या माणसासारखे चालत होते. गाव निर्मनुष्य होते. खिडक्यांतून फक्त चमच्यांचे आवाज येत होते. आम्ही हौदाच्या पायऱ्यांवर पोहोचलो, आणि तेथेच थिजलो.

हौदात कोणीतरी होते. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर टोपी, आणि छातीशी तान्ह्या बाळाप्रमाणे धरलेला जाळ्याचा तरंगता बोया. तो आमच्या बोटीचा इंजिनवाला डोनाटो होता.

"बघता काय?" तो गुरगुरला. "या वेळी जेवायचं सोडून फिरता? लाज नाही वाटत?"

"तू काय करतोयस?" तांडेलांनी विचारले.

"आंघोळ."

"टोपी घालून?"

डोनाटोचा चेहरा जाकिटाच्या रंगाचा झाला. "डॉक्टरने पाठीसाठी पोहायला सांगितलंय. आता पोहता येत नाही हे डॉक्टरला कसं सांगू? झालं समाधान?"

तांडेल पायरीवर बसले. "म्हणजे तुलाही येत नाही?"

"तुलाही म्हणजे? तांडेल! मला तर वाटायचं, बोट बुडाली तर तुम्ही मला ओढून काढाल!"

"आणि मी तुझ्या भरवशावर झोपायचो रे, गाढवा!"

 त्यावर दोघांचे जे हास्य उसळले, त्याने धक्क्यावरचे पक्षी उडाले. तांडेल हसता हसता डोळे पुसत होते. त्यांचे खांदे, जे सकाळपासून कानांपर्यंत चढले होते, ते एकदाचे खाली आले. मी त्यांना जाकीट चढवले. ते कमरेइतक्या पाण्यात उतरले, माझ्या हातांवर पाठ टेकली आणि आभाळाकडे तोंड करून पडले. काही वेळाने मी हात काढून घेतले. त्यांना ते कळले नाही.

बाहेर आल्यावर, अंग पुसण्यापूर्वीच, त्यांनी माझ्या फोनवरून नाहियाला फोन लावण्यास सांगितले.

"नाहिया, त्या आठवड्यात आपण रोज चार वाजता जेवायचं."

आमच्याकडे जेवणाची वेळ फक्त आजारपणातच बदलते.

"आजोबा," तिचा आवाज कापत होता, "डॉक्टर काय म्हणाले? खरं सांगा."

"डॉक्टर नाही गं. मी पोहायला शिकतोय."

"शिकताय? मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं बोटीतून पडलो नाही, एवढंच."

ती इतकी हसली, की हौदातल्या डोनाटोलाही ऐकू आले. मग म्हणाली, "मग सोमवारी लाटा नकोत. मीही दोन वाजता हौदात येते. मैत्रिणींना सांगते, मासे सुट्टीवर गेलेत."

तांडेलांनी फोन परत दिला. "लिही रे केपा. सोमवारी दोन वाजता, हौद, तीन माणसं."

"चार!" पाण्यातून डोनाटो ओरडला.

"आणि गुडघा?" मी पेन्सिल काढत विचारले.

"कुठला गुडघा?" तांडेल म्हणाले, आणि पुन्हा पायऱ्या उतरू लागले.