बसायची जागा

समाजाचं सत्य हवं असेल तर समाजात जाऊन बसावं, त्यावाचून दुसरी पद्धत नाही, असं हर्षदाच्या मार्गदर्शकांनी पंख्याखाली बसून सांगितलं होतं. कुठं बसायचं, ते सांगितलं नव्हतं. म्हणून औंढ्याच्या वरच्या वाडीत, बायामावशीच्या पडवीत, कोपऱ्यात दिसली त्या घोंगडीवर ती बसली.

उन्हाळ्यात तिनं वाडीच्या छत्तीस घरांतून प्रश्नावल्या भरून नेल्या होत्या. अडचणी कोणत्या, या रकान्यात छत्तीस वेळा ‘नाहीत’. सरांनी गठ्ठा परत केला. पद्धत चुकली, महिन्याभरात काही हाती लागलं नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. आता फक्त निरीक्षण.

मावशी सुपात नाचणी पाखडत होती.

“आज कागद न्हाई आनला?”

“नाही मावशी. आज नुसती बसणार.”

“पगार देत्यात त्याचा?”

“थोडा.”

“बरंय. आमी फुकट बसतो.”

तास गेला. हर्षदानं मनातल्या मनात सूप टिपलं, चूल टिपली, समोरून सारखी येरझारा घालणारी तांबडी कोंबडीसुद्धा टिपली. मावशीनं कोऱ्या चहाचे दोन कप आणले. एक हर्षदाला दिला, एक खांबापाशी ठेवला आणि पुन्हा सूप उचललं. खांबापाशी कोणी नव्हतं; उन्हाळ्यात तिथं मावशीचे यजमान बहिरूभाऊ बसलेले असायचे. चहा निवत गेला.

“बहिरूभाऊ येतायत का?”

मावशीनं कपाकडे पाहिलं. मग तो उचलून अंगणात ओतला.

“सवय. गेलं ते. नवरात्रात.”

‘नाहीत’ म्हणाली होती, त्याच आवाजात.

“काय झालं होतं?”

“ताप. डोलीतनं खाली नेस्तवर दुपार झाली.”

सूप चालूच होतं.

“मावशी, उन्हाळ्यात तुम्ही अडचण नाही म्हणालात.”

“त्यांनीच वाडीभर सांगितलं व्हतं, न्हाईच म्हना. अडचन सांगितली की मान्सं पुन्ना इचाराया येत्यात.”

हर्षदाच्या हाती लागलं होतं. तिचा हात पिशवीतल्या वहीवर गेला आणि तिथंच राहिला. काढावी की नाही, तिला कळेना.

मावशीनं सूप खाली ठेवलं.

“ताई, एक सांगू? राग न्हाई ना येनार?”

“सांगा ना.”

“जरा सरकता का? त्यांची घोंगडी मी कोंबडीला दिलीया. अंडं घालायचंय, कवाधरनं फिरतीया बिचारी.”